अर्जाचा सगळा प्रवास खुला करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या जिल्हा पानावर दरवर्षी सेतू केंद्राबाहेरच्या रांगांची छायाचित्रं येतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर. पालक सांगतात, हा चौथा हेलपाटा. त्याच बातमीच्या शेवटी प्रशासनाचं म्हणणं असतं की बहुतेक अर्ज मुदतीत निकाली काढले. वाचणाऱ्याला वाटतं, दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय. मला तसं वाटत नाही. दोघांचंही म्हणणं खरं असू शकतं, आणि ते कसं, हे नोंदींतून दाखवणारी एक विद्या गेली पंचवीस वर्षं नेदरलँड्स आणि जर्मनीत वाढते आहे. तिला प्रोसेस मायनिंग म्हणतात. निवृत्तीनंतर मी ती शिकले आणि तिच्यात नवं काय चाललंय ते नेमानं वाचत असते. त्या वाचनाच्या जोरावर राज्य सरकारकडे एक मागणी करायची आहे, म्हणून हे पत्र.

मी साताऱ्याची. नोकरी सगळी बँकेत आणि त्यातली बरीच वर्षं कर्ज विभागात. गृहकर्जाची फाइल आत आली की इनवर्डला नोंद, मग केवायसी, मग सिबिल म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा अहवाल, वकिलाचा सर्च रिपोर्ट म्हणजे मालमत्तेच्या कागदांची तपासणी, व्हॅल्युअरचा किमतीचा अहवाल, सँक्शन म्हणजे मंजुरी, करारपत्रं आणि शेवटी पैसे. हे झालं परिपत्रकातलं. प्रत्यक्षात सर्च रिपोर्टमध्ये जुना बोजा निघायचा, मग आधीच्या बँकेचा नोड्यूज, म्हणजे बाकी नसल्याचा दाखला, आणायला कर्जदार धावायचा, तोवर त्याची पगारपत्रकं जुनी व्हायची आणि ती पुन्हा मागवावी लागायची. दर महिन्याला मुख्य कार्यालयाला जे प्रलंबित अर्जांचं पत्रक जायचं, त्यात मात्र फाइलचं वय मोजलं जायचं ते कागद पूर्ण झाल्याच्या तारखेपासून. त्याआधीचा काळ कुठल्याच रकान्यात नसे. कर्जदाराचं घड्याळ पहिल्या दिवशी सुरू झालेलं असायचं आणि आमचं बऱ्याच उशिरा.

प्रोसेस मायनिंग नेमकं या दोन घड्याळांमधलं अंतर मोजतं. त्याला लागतात फक्त तीन रकाने: अर्जाचा क्रमांक, काय झालं आणि केव्हा झालं. कुठल्याही कार्यालयातला संगणक या नोंदी आपोआप ठेवत असतो. एकेका अर्जाच्या नोंदी वेळेप्रमाणे लावल्या की त्याची वाट दिसते आणि हजारो अर्जांच्या वाटा एकमेकींवर ठेवल्या की कार्यालय खरोखर कसं चालतं याचा नकाशा तयार होतो. हा नकाशा कुणी साहेबानं खोलीत बसून काढलेला नसतो. त्यामागचा साधा तर्क मला पहिल्याच दिवशी पटला. सिबिल नेहमी सँक्शनच्या आधीच येत असेल आणि कधीही नंतर येत नसेल, तर एकावर दुसरं अवलंबून आहे. सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युएशन मात्र कधी हे आधी, कधी ते आधी असं येत असेल, तर ती दोन्ही कामं समांतर चालू शकतात, एकासाठी दुसरं थांबवायचं कारण नाही. विल व्हॅन डर आल्स्ट हे डच संगणकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अल्फा अल्गोरिदम या गणनपद्धतीचा गाभा एवढाच आहे. आज त्याच्या पुढच्या कितीतरी पद्धती निघाल्या आहेत, पण समजून घ्यायला मी अजूनही तोच सुचवीन.

व्हॅन डर आल्स्ट तेव्हा आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात होते, २०१८ पासून जर्मनीत आखेनला आहेत. त्यांच्याही आधी, १९९८ साली, कामाच्या नोंदींतून प्रक्रियेचा आराखडा काढण्यावर एक महत्त्वाचा शोधनिबंध आला. त्याच्या तीन लेखकांत राकेश अगरवाल हे भारतीय वंशाचे संगणकशास्त्रज्ञ होते. २००९ मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या छत्राखाली या विषयाचं कार्यदल स्थापन झालं. २०११ मध्ये त्यांनी एक जाहीरनामा काढला. त्यात ७७ तज्ज्ञांचा हात होता आणि ५३ संस्थांचा पाठिंबा. सहा मार्गदर्शक तत्त्वं, अकरा आव्हानं आणि नोंदींच्या दर्जाला एक ते पाच तारे. पहिलं तत्त्वच असं की नोंदींना दुय्यम समजू नका. बँकेत उमेदवारी केलेल्या माणसाला हे वाक्य किती जवळचं वाटतं, ते बँकेतल्या माणसालाच कळेल.

पण मला या विषयात खरं ओढून नेलं ते एका फाइलनं. एका डच वित्तसंस्थेनं २०१२ साली आपल्या कर्ज अर्जांच्या नोंदी, नावगाव काढून टाकून, जगभरच्या अभ्यासकांसाठी खुल्या केल्या. ऑक्टोबर २०११ ते मार्च २०१२ या काळातले १३,०८७ अर्ज, २,६२,२०० नोंदी. मी ती फाइल उघडली तेव्हा पायऱ्यांची काही नावं डच भाषेत होती. एकाचा अर्थ शोधला तर निघाला, अपुऱ्या फाइलींसाठी पुन्हा फोन करणे. दुसऱ्याचा, पाठवलेल्या प्रस्तावाबद्दल पुन्हा फोन करणे. आमच्या शाखेत दुपारी चारनंतर जे काम चालायचं, तेच हे. फरक इतकाच की त्यांच्याकडे प्रत्येक फोनची वेळ सेकंदापर्यंत लिहिलेली होती.

या अर्जांची सरासरी काढली तर एक अर्ज साधारण साडेआठ दिवसांत संपतो. कुणाही व्यवस्थापकाला छान वाटेल असा आकडा. मग वाटा उलगडून पाहिल्या. ३,४२९ अर्ज दाखल झाले आणि लगेच नामंजूर झाले, माणसाचा हातही न लागता. निम्मे अर्ज एका दिवसाच्या आत संपलेले. आणि दुसऱ्या टोकाला चार महिन्यांहून जास्त रेंगाळलेला अर्जही आहे. झटपट नकारांनी सरासरी खाली ओढलेली, त्यामुळे ज्याला खरोखर कर्ज हवं होतं आणि जो कागद पुरवत राहिला, त्याचा काळ त्या साडेआठ दिवसांत दिसतच नाही. एकूण वाटा किती? ४,३६६. परिपत्रक एक, वाटा चार हजारांवर. सगळ्या एकदम कागदावर काढल्या तर शेवया सांडल्यासारखं चित्र दिसतं, म्हणून आधी मोठ्या वाटा पाहायच्या आणि मग एकेक आडवाट. त्यात कर्मचाऱ्यांची नावं नाहीत, फक्त क्रमांक आहेत. ११२ या क्रमांकावर इतक्या नोंदी, इतक्या अवेळी, की अभ्यासकांच्या लक्षात आलं, हा माणूस नसून संगणक यंत्रणाच आहे.

पुढे दरवर्षी अशी एकेक फाइल येत गेली आणि मी जुन्या-नव्या सगळ्या पाहत गेले. २०१५ ची मला आपल्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची वाटते. त्या वर्षी नेदरलँड्समधल्या पाच नगरपालिकांनी बांधकाम परवान्यांच्या सुमारे चार वर्षांच्या नोंदी दिल्या. सर्वांत लहान फाइलमध्ये ८३२ प्रकरणं, सर्वांत मोठीत १,४०९. आणि त्यांनी स्वतःहून प्रश्न विचारले: आमच्यातल्या कुठल्या पालिकेत जास्त वेळ लागतो आणि का? कुठलं काम कोण करतंय? कायदा पाचांना एकच. तरीही वाटा वेगळ्या, म्हणजे फरक कायद्यात नसून काम करण्याच्या रीतीत आहे. असं शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ते कुणालाच दिसलं नसतं. २०१८ साली जर्मनीतल्या शेतकऱ्यांच्या युरोपीय थेट अनुदानाचे अर्ज आले. तीन वर्षांतले ४३,८०९ अर्ज आणि २५ लाखांहून अधिक नोंदी. प्रश्न होते, वर्ष संपण्याआधी कुणाला पैसे मिळाले नाहीत, आणि पैसे दिल्यानंतर कुठली प्रकरणं पुन्हा उघडावी लागली. अनुदानाची वाट पाहणारा शेतकरी आपल्याकडच्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको.

आता आपल्या घराकडे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. चांगला कायदा आहे, मी त्याची बाजू घेऊन नेहमी बोलते. प्रत्येक सेवेला ठरलेली मुदत, जबाबदार पदनिर्देशित अधिकारी, दोन अपिलं, त्यावर आयोग आणि कसूर केल्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंड. अर्जदाराला क्रमांक मिळतो आणि अर्ज कुठे आहे ते त्याला पाहता येतं. म्हणजे तीन रकाने, क्रमांक, काय झालं, केव्हा झालं, सरकारच्या यंत्रणेत आजच भरलेले आहेत. पण मुदत मोजायची ती सर्व बाबतींत पूर्ण अर्ज मिळाल्यापासून. नियम म्हणून ते रास्त आहे, अपुऱ्या अर्जासाठी अधिकाऱ्याला दोषी कसं धरणार? मात्र त्यामुळे आमच्या बँकेच्या पत्रकात होतं तेच इथेही होतं. त्रुटी काढून परत केलेला अर्ज, पुन्हा भरलेला अर्ज, पुन्हा परत, हा सगळा काळ मुदतीच्या बाहेर. पालक सांगतो चौथा हेलपाटा, कार्यालय सांगतं मुदतीत निकाली. दोघं खरं सांगतात.

हे मी घरातही पाहिलंय. सासऱ्यांच्या माघारी त्यांच्या जमिनीला वारस नोंद लावायची होती. फेरफाराची रीत कागदावर सरळ आहे: तलाठ्यानं गाव नमुना सहाला, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, नोंद धरायची, संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, हरकत आली तर सहा-अ या वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत तक्रार केस, नाही आली तर मंडळ अधिकारी प्रमाणित करणार. आमच्यात कुणाची हरकत नव्हती. पण मृत्यूच्या दाखल्यावर सासऱ्यांचं नाव आडनावासह होतं आणि सातबाऱ्यावर आडनावाशिवाय, म्हणून पहिला अर्ज परत आला. एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, तर त्यात एका नणंदेचं सासरचं नाव हवं होतं. मध्येच तलाठ्यांची बदली झाली. प्रत्येक वेळी नवा अर्ज आणि नवा क्रमांक. शेवटी नोंद मंजूर झाली तेव्हा नोंदीत जे दिसतं ते एवढंच की शेवटचा अर्ज अगदी वेळेत निकाली निघाला. कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी वाकडं बोललं नाही. नव्या तलाठी बाईंकडे तर इतक्या गावांचा भार होता की त्यांनी आमच्यासाठी वेळ काढला याचंच मला कौतुक वाटलं. तरीही आमच्या घरानं काढलेला काळ सरकारच्या कुठल्याही आकड्यात नाही. आम्ही तिथे नाहीच, आमच्याऐवजी वेगवेगळे काही अर्ज आहेत, ज्यांतला एक मंजूर आणि बाकीचे निकाली.

या विषयातले लोक सध्या ज्याच्यावर सगळ्यांत जास्त काम करताहेत, ते हेच. जुन्या पद्धतीत प्रत्येक नोंद एकाच क्रमांकाला बांधलेली असायची. पण खऱ्या कामात एका नोंदीचा संबंध अनेक गोष्टींशी असतो. एका खरेदीत ऑर्डर एक, तिच्यातला माल दहा प्रकारचा, ट्रक तीन वेळा आलेले आणि बिलं दोन. एकाच क्रमांकाच्या डोळ्यातून पाहिलं तर कधी एकच गोष्ट दोनदा मोजली जाते, कधी दोन गोष्टींमधला दुवा तुटतो. म्हणून २०२० मध्ये नोंदी ठेवण्याची एक नवी मांडणी आली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी, अधिक भक्कम आवृत्ती. तिच्यात एक नोंद एकाच वेळी अर्जाला, माणसाला आणि वस्तूला जोडता येते. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमचा गट क्रमांक आला. आमचे सगळे अर्ज वेगळे, पण जमीन तीच आणि मयत खातेदार तोच. गट क्रमांकावरून नोंदी जोडल्या असत्या तर पहिल्या अर्जापासूनचा सगळा काळ एका ओळीत दिसला असता. हे करायला नवी यंत्रणा उभारायची गरज नाही, आहेत त्याच नोंदी दुसऱ्या धाग्यानं ओवायच्या आहेत.

माझी मागणी आता सांगते. लोकसेवा हक्क कायद्याखाली येणाऱ्या सेवांपैकी निदान एका सेवेच्या, निदान एका जिल्ह्याच्या, निदान एका वर्षाच्या सगळ्या अर्जांच्या पायरीवार नोंदी सरकारनं खुल्या कराव्यात. आलेले किती, निकाली किती हे आकडे संकेतस्थळावर दिसतात, तेवढ्यानं काही कळत नाही. परत केलेला प्रत्येक अर्ज, त्रुटीचं कारण, पुन्हा दाखल झाल्याची वेळ आणि एकाच माणसाचे किंवा एकाच जमिनीचे अर्ज ओळखता येतील असा सांकेतिक दुवा, हे सगळं हवं. केंद्र सरकारचं माहिती खुली करण्याचं धोरण २०१२ पासून आहे, त्यामुळे परंपरा नवी नाही.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही मला गंभीर वाटतात. पहिला खासगीपणाचा. आयुष्य लोकांचे आर्थिक कागद सांभाळण्यात गेलंय, तेव्हा हे मी हलक्यात घेणार नाही. नुसतं नाव पुसून भागत नाही. छोट्या गावात एखाद्या महिन्यात एकच वारस नोंद झाली असेल, तर ती कुणाची हे गावाला माहीतच असतं. म्हणून गावाऐवजी तालुका किंवा जिल्हा लिहावा, तारखा सरसकट काही दिवसांनी सरकवाव्यात म्हणजे अंतरं तीच राहतील, आणि फार विरळ वाटा वगळाव्यात. युरोपात कडक कायदे असूनही रुग्णालयांच्या नोंदी खुल्या झाल्या आहेत, त्यात जंतुसंसर्ग झालेल्या १,०५० रुग्णांची एक फाइल जगभर अभ्यासली जाते. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे, त्याच्या चौकटीत हे बसवता येईल.

दुसरा आक्षेप कर्मचाऱ्यांचा, आणि मी स्वतः कर्मचारी होते. अशा नोंदींतून कुणाची खुर्ची किती वेळ रिकामी होती हे शोधायला कुणी निघालं तर मी त्याच्या विरोधात उभी राहीन. डच फाइलींसारखे फक्त क्रमांक असावेत आणि त्यांवरून कुणावरही कारवाई होऊ नये, असं आधीच लिहून द्यावं. माझी तर खात्री आहे की या नोंदी सर्वांत आधी कर्मचाऱ्यांच्याच बाजूनं बोलतील. एका तलाठ्याकडे एकाच आठवड्यात किती गावांचं काम येऊन पडतं, बदलीच्या महिन्यात किती प्रकरणं हवेत राहतात आणि जून महिन्यात कुठल्या टेबलावर सगळं अडतं, हे आज त्यांना तोंडी सांगावं लागतं आणि कुणी ऐकत नाही.

काम करणारे हात आपल्याकडे आहेत. माझा भाचा पुण्याला हिंजवडीत हेच करतो, एका परदेशी कारखान्याच्या खरेदीच्या नोंदींतून पुरवठादारांची बिलं कुठे अडतात ते शोधून देतो. हुशार मुलगा आहे, मन लावून करतो. त्याच्यासारखी कितीतरी मुलं-मुली तिथे आहेत. म्युनिकमध्ये २०११ साली तीन विद्यार्थ्यांनी एका प्रसारण संस्थेच्या तक्रार कक्षाच्या नोंदींवरून सुरू केलेली सेलोनिस आज या क्षेत्रातली मोठी कंपनी आहे. एसएपी, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट या सगळ्यांनी २०२१-२२ मध्ये अशा छोट्या कंपन्या विकत घेतल्या. बाजार आपलं काम करतोय. पण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कुठली कंपनी पैसे मोजणार? ते काम विद्यापीठांनीच करायला हवं, आणि साधनं फुकट आहेत. आइंडहोव्हनचं प्रॉम, जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेत तयार झालेलं पीएमफोरपाय, बेल्जियममधल्या हॅसेल्ट विद्यापीठाचं बुपार, कुठलंही उतरवून घेता येतं. साताऱ्या-कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधणारी मुलं दरवर्षी असतात. आज त्यांना अभ्यासायला डच कर्जं, जर्मन अनुदानं आणि इटलीतले वाहतुकीचे दंड मिळतात. आपल्या तालुक्याची फाइल मात्र नाही.

म्हणून आपल्याला विनंती. दाखल्यांच्या बातम्या आपण सातत्यानं छापता, तर या जूनमध्ये आपल्या वार्ताहरांनी निकाली अर्जांच्या आकड्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: यांतले किती अर्ज त्याच माणसानं आधीही भरले होते? आणि राज्य सेवा हक्क आयोगानं एका जिल्ह्याची फाइल खुली केली, तर तिच्यातल्या पायऱ्यांचा अर्थ विद्यार्थ्यांना समजावून सांगायला माझ्यासारखे बँकेतून, महसूल खात्यातून निवृत्त झालेले लोक लागतील. सहा-अ म्हणजे काय आणि त्रुटी पूर्तता कुठल्या टेबलावर होते, हे संगणकाला माहीत नसतं. ते काम मी आनंदानं आणि विनामोबदला करीन.

आपली,
एक निवृत्त कर्ज अधिकारी,
सातारा